गीतेत अपकीर्तीची भीतीही आहे आणि ‘अमानित्व’ही. मग संतांनी अभंगात स्वतःचं नाव का घातलं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण ‘लोक तुझी नाचक्की करतील’ असं सांगून अर्जुनाला लढायला उठवतो आणि तेराव्यात ‘अमानित्व’, म्हणजे मानाची हाव नसणं, हे ज्ञानाचं पहिलं लक्षण म्हणतो, हे जुळतं कसं? आणि मान नको म्हणणारे तुकोबा अभंगागणिक ‘तुका म्हणे’ का म्हणतात?

पहिल्या प्रश्नातला बराचसा गोंधळ २.३४ (दुसरा अध्याय, श्लोक ३४) एकटाच उचलल्यामुळे होतो. ‘संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते’, म्हणजे प्रतिष्ठिताला अपकीर्ती मरणाहून वाईट. भाषणांत, व्हॉट्सअ‍ॅपवर हा चरण सुटाच फिरतो. तो वाचायचा तर ३१ ते ३८ सलग वाचा. ३१ची सुरुवात ‘स्वधर्ममपि चावेक्ष्य’ अशी आहे. त्यातला ‘अपि’ महत्त्वाचा: मुख्य युक्तिवाद, म्हणजे आत्मा मरत नाही हा, ११ ते ३०मध्ये होऊन गेला आहे, आता ‘शिवाय हेही बघ’ म्हणून पुरवणी जोडली जाते आहे. ती क्षत्रियाला कळणाऱ्या भाषेत आहे: महारथी तुला भ्याला म्हणतील, शत्रू नको नको ते बोलतील, मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. आणि जयाचं हे बक्षीस ३७मध्ये दाखवून होतं न होतं तोच ३८ म्हणतो, ‘लाभालाभौ जयाजयौ’ सारखे मान आणि मग लढ. शंकराचार्यांनी भाष्यात स्पष्टच म्हटलंय की ‘स्वधर्ममपि’पासूनचे श्लोक हा शोक-मोह घालवण्यासाठी सांगितलेला लौकिक न्याय आहे, ग्रंथाचं तात्पर्य नव्हे.

आचार्यांचं उत्तर मला पटतं, पण ते पुरत नाही. कारण विश्वरूप दाखवून झाल्यावरही, ११.३३मध्ये, श्रीकृष्ण ‘यशो लभस्व’ म्हणतोच. तेव्हा तर अर्जुनाला चुचकारायची गरज उरलेली नाही. फरक आहे तो त्याच श्लोकाच्या पुढच्या अर्ध्यात: यांना मी आधीच मारलंय, तू निमित्तमात्र हो. म्हणजे यश घे, कर्तेपण घेऊ नकोस. दहाव्या अध्यायात तर ‘कीर्ती’ ही भगवंताची विभूतीच, म्हणजे त्याचंच एक रूप, सांगितली आहे (१०.३४). गीतेला कीर्तीचं वावडं नाही. तिचा रोख हेतूवर आहे आणि त्याची कसोटी १७.१८मध्ये आहे: सत्कार, मान, पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेलं तप राजस, ‘चल’ आणि ‘अध्रुव’. त्याला तामस, म्हणजे सर्वांत हीन, म्हटलेलं नाही हे लक्षात घ्या. ते टिकत नाही, एवढीच तक्रार आहे.

आता तेरावा. आधी एक व्यावहारिक सूचना: काही प्रतींत या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक जादा श्लोक असतो, त्यामुळे ‘अमानित्वमदम्भित्वम्’ कुठे सातवा तर कुठे आठवा सापडेल. ‘अमानित्व’ हा मुळात नुसता एक शब्द आहे. ज्ञानेश्वरांनी (ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०) त्यावर ओव्यांमागून ओव्या लिहिल्या. तिथे बारकाईने पाहण्यासारखी जागा ही:

‘आथिलेचि गुण वानितां । मान्यपणें मानितां’ तो माणूस ‘गजबजों लागे कैसा । व्याधें रुंधला मृगु जैसा’.

‘आथिलेचि’ म्हणजे असलेलेच. खोट्या स्तुतीने अवघडणारे पुष्कळ भेटतात. इथे खऱ्या गुणांची खरी स्तुती ऐकून माणूस पारध्याने कोंडलेल्या हरणासारखा कासावीस होतो. पुढे ‘पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ति कानीं नायकावी’, आणि शेवटी तर लोकांना ‘हा अमुक’ अशी आठवणसुद्धा राहू नये. मूळ गीतेपेक्षा हे कितीतरी पुढे आहे. बाराव्या-चौदाव्यात मान-अपमान समान मानायला सांगितलंय. ज्ञानेश्वरांचा माणूस जगाने आपली अवज्ञाच करावी अशी इच्छा धरतो. माझ्या मते ही समता नव्हे, ही मानाविरुद्धची सावधगिरी आहे, आणि दोन्ही एकच समजून शिकवलं की घोळ होतो. अपमान मुकाट गिळणं म्हणजे अमानित्व, असा अर्थ काढून दुसऱ्याला गप्प बसवणारे याच घोळाचा फायदा घेतात.

लगेच पुढे अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं, येतं. शेतकरी पेरलेलं मातीने झाकतो तसं हा आपलं दानपुण्य झाकतो आणि ‘स्वधर्मु वाग्ध्वजीं । बांधों नेणे’, आपला धर्म बोलण्याच्या झेंड्याला बांधत नाही. देणगीदारांच्या पाट्या लावणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताने ही ओवी एकदा वाचावी.

दुसरा प्रश्न, नाममुद्रेचा, म्हणजे अभंगात कवीने घातलेल्या स्वतःच्या नावाचा. अभंग तोंडी फिरत होता, कीर्तनातून गावोगाव जात होता. रचना कोणाची हे कळायला शेवटची ओळ हीच जागा. पण मुद्रा नीट बघा. एकनाथ ‘एका जनार्दनीं’ लिहितात, म्हणजे स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडूनच. जनाबाई ‘नामयाची दासी’. सोयराबाई तर ‘चोखियाची महारी’ म्हणते. समाजाने जे हिणवायला वापरलं तेच तिची सही होतं. तुकोबा नाव घालतात आणि वर सांगतात, ‘करितों कवित्व म्हणाल हें कोणी । नव्हे माझी वाणी पदरींची’, बोलवणारा विश्वंभर आहे. ११.३३मधलं ‘निमित्तमात्र’ ते हेच.

मान दारात आला तेव्हा त्यांनी काय केलं? ‘दिवट्या छत्री घोडे । हें तों बऱ्यांत न पडे’ हा अभंग परंपरेने शिवाजी महाराजांच्या नजराण्याशी जोडला जातो. त्यातच ‘मान दंभ चेष्टा । हे तों शूकराची विष्टा’ असं आहे. मात्र रचना चोरणाऱ्यांवर ते गप्प बसत नाहीत. अशाच एका सालोमालोवरच्या त्यांच्या अभंगात ‘म्हणती एकाचें आपुलें’ आणि ‘मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें’ अशी थेट तक्रार आहे. मान नको याचा अर्थ वाणीची मोडतोड चालेल असा नाही. मुद्रा असूनही घोटाळे झालेच: नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या. त्यामुळे ‘नामा म्हणे’ दिसलं की तो अभंग नामदेवांचाच, असं धरून चालू नका.

उलट बाजूचं वाचायचं असेल तर रामदास. मनाच्या श्लोकांत आठवा श्लोक ‘देहे त्यागितां कीर्ति मागें उरावी’ असा आहे, आणि लोक तिथेच थांबतात. त्याच श्लोकात पुढे चंदनासारखं झिजायला सांगितलंय. दासबोधात तर ‘कीर्ति पाहातां सुख नाहीं । सुख पाहातां कीर्ति नाहीं’ असा रोकडा हिशेब आहे.

क्रम विचाराल तर गीता २.३१–३८, मग ११.३३, १७.१८, त्यानंतर ज्ञानेश्वरीतलं अमानित्व-अदंभित्व, सार्थ प्रत घेऊन. तुकोबा त्यानंतर.