दाटीत पानं गळणारच, त्यात शिकायचं काय?

प्रश्न : मुलाने दोनदा नीट दिली, मेडिकल थोडक्यात हुकलं. नातेवाइकांत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आता म्हणतो, वनशास्त्र करायचं. पाइनची झाडं किती अंतरावर लावली तर सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, किती वर्षं टिकतात, असलं वाचत बसतो. दाटीत पानं गळणारच, त्यात शिकायचं काय? आणि खान्देशात पाइन आहे कुठे? तिसऱ्यांदा नीटला बसवू का?
– केळी उत्पादक पालक, रावेर तालुका

उत्तर : नका बसवू. तुमच्या पत्रात नातेवाईक आहेत, मेडिकल आहे; मुलगा कसा आहे याची एक ओळही नाही. दोन वर्षं तो काय सोसतोय? नीट जेवतो का, झोप लागते का, मित्रांत जातो का? मला त्याच्या मार्कांची नाही, याची काळजी वाटते. तोंड लपवण्यासारखं त्याने काही केलेलं नाही, आणि हे त्याला तुमच्याच तोंडून ऐकू द्या. आजच. नीटचा विषय न काढता.

आता सुयांचं. दाटीत पानं लवकर गळतात, हा समज अर्धवट आहे. सावलीतली सुई बहुधा जास्त वर्षं टिकते. कमी उजेडात ती अन्न सावकाश तयार करते, म्हणून ती घडवायला झाडाचा झालेला खर्च भरून यायला वेळ लागतो; तोवर झाड तिला सोडत नाही. मोकळ्या, भरपूर उजेडातल्या झाडाला नव्या सुया जोमाने येतात. झाड जुन्यांतलं नत्र काढून नव्यांना देतं आणि जुन्या सोडून देतं. दाट लागवडीत खाली जी गळती दिसते, तिथे बऱ्याचदा उजेडाअभावी अख्खी फांदीच मेलेली असते. ही वेगळी गोष्ट. जातीचाही फरक मोठा : हिमालयातल्या चीड पाइनची सुई दोनेक वर्षं टिकते, तर अमेरिकेतल्या ब्रिसलकोन पाइनची तीस वर्षांहून अधिक. शिवाय अंतर वाढवलं की फांद्या जाड होतात, लाकडात गाठी येतात. कमी केलं तर खोड सरळ, स्वच्छ मिळतं पण बारीक राहतं. केळीची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड, करताना पाच बाय पाच फूट की सहा बाय पाच, यावर तुम्ही डोकं खाजवता ना? मुलाचा प्रश्न त्याच जातीचा आहे. पाइन इथे नाही हे खरं, पण सातपुड्यात साग आहे, अंजन आहे. सागाच्या लागवडीत विरळणी, म्हणजे मधली झाडं काढणं, कधी करायची, हाही अंतराचाच प्रश्न. यावल अभयारण्य तुमच्या शेजारी आहे. त्याला तिकडे जाऊ द्या.

वाट सरळ आहे : एमएचटी-सीईटी, मग दापोली किंवा अकोल्याला चार वर्षांची वनशास्त्राची पदवी. पुढे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत एम.एस्सी., किंवा यूपीएससीतून भारतीय वन सेवा, किंवा एमपीएससी. वनशास्त्र म्हणजे फक्त गार्डची नोकरी नव्हे.

सीईटी दिली नसेल तर तिच्या तारखा बघून ठेवा. अर्जातला कॉलेजांचा पसंतीक्रम मात्र त्यालाच लावू द्या.