अमेरिकन फुटबॉलमध्ये हंगामाच्या अखेरीस कडाक्याच्या थंडीत होणाऱ्या घरच्या सामन्यांचा यजमान संघाला खरोखर फायदा होतो का, आणि प्रेक्षक ती थंडी कशी सोसतात?

थंडीमुळे यजमान संघाला मोठा फायदा होतो असे सर्रास मानले जाते, परंतु माझ्या मते तो फार थोडा असतो. वारा, दगडासारखा झालेला चेंडू आणि गोठलेली जमीन यांचा खेळावर निश्चित परिणाम होतो, मात्र तो दोन्ही संघांना सारखाच भोगावा लागतो. थंडीचा खरा मार बसतो तो स्टँडमध्ये तीन-साडेतीन तास बसून राहणाऱ्या प्रेक्षकांना, आणि त्याविषयी फारच कमी बोलले जाते. मी विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि ग्रीन बे पॅकर्सचा चाहता आहे, त्यामुळे माझी बरीच उदाहरणे ग्रीन बेच्या लॅम्बो फील्ड या मैदानावरची असतील.

एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, साखळी सामने जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात आणि त्यानंतर बाद फेरी असते. बाद फेरीत सुपर बोल हा अंतिम सामना वगळता प्रत्येक सामना क्रमवारीत वर असलेल्या संघाच्या घरी होतो. म्हणजे ग्रीन बे, बफेलो किंवा कॅन्सस सिटीचा संघ वर्षभर चांगला खेळला, तर सर्वांत महत्त्वाचे सामने तेथील उघड्या मैदानांवर ऐन जानेवारीत होतात. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते; ग्रीन बेमध्ये जानेवारीत तेवढे तापमान असेल तर लोक हवा चांगली आहे असे म्हणतात.

यजमानांच्या फायद्याची ही समजूत मुख्यतः एका सामन्यावर उभी आहे. ३१ डिसेंबर १९६७ रोजी लॅम्बो फील्डवर पॅकर्स आणि डॅलस काउबॉइज यांच्यात झालेला अजिंक्यपदाचा सामना ‘आइस बोल’ या नावाने ओळखला जातो. सामना सुरू होताना तापमान सुमारे उणे २५ अंश सेल्सिअस होते. मैदान गोठू नये म्हणून प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी त्याच वर्षी जमिनीखाली विजेच्या तारांचे जाळे बसवून घेतले होते; पण मैदानावरचे ताडपत्रीचे आच्छादन काढताच गवतावर साचलेला ओलावा गोठला आणि जमीन काचेसारखी गुळगुळीत झाली. पंचांची धातूची शिटी ओठाला चिकटली आणि ती ओढून काढताना कातडी निघाली, त्यामुळे उरलेला सामना पंचांनी तोंडाने ओरडून चालवला. अखेरची काही सेकंद उरलेली असताना पॅकर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, बार्ट स्टार स्वतः चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे घुसला आणि पॅकर्सने २१-१७ अशी बाजी मारली. ही गोष्ट येथील लहान मुलांनाही तोंडपाठ असते. मात्र तिचा मधला भाग सांगताना बहुतेक जण घाई करतात. पॅकर्सची १४-० अशी आघाडी असताना टेक्सासहून आलेल्या काउबॉइजनी त्याच थंडीत, त्याच जमिनीवर ती भरून काढली आणि शेवटच्या सत्रात १७-१४ अशी आघाडीही घेतली. थंडी यजमानांच्या बाजूने खेळत असती, तर सामना शेवटच्या सेकंदांपर्यंत गेला नसता.

त्यानंतरचा इतिहास तर यजमानांना आणखी कठोर आहे. ४ जानेवारी २००३ पर्यंत पॅकर्स घरच्या मैदानावर बाद फेरीचा एकही सामना हरले नव्हते. त्या दिवशी बर्फ पडत असताना अटलांटा फाल्कन्सनी त्यांना २७-७ असे हरवले, आणि फाल्कन्स हा तर जॉर्जिया डोममध्ये, म्हणजे छताखाली खेळणारा संघ होता. २० जानेवारी २००८ रोजी उणे १८ अंशांत न्यूयॉर्क जायंट्सनी जादा वेळेत २३-२० असा विजय मिळवला; लाथ मारून चेंडू खांबांमधून धाडणारा त्यांचा खेळाडू, म्हणजे किकर, लॉरेन्स टाइन्सने असे आधीचे दोन फील्ड गोल चुकवून शेवटी ४७ यार्डांवरून निर्णायक गोल केला. जायंट्सचे प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांचे थंडीने लालभडक झालेले गाल येथील लोकांना आजही आठवतात. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने २०१४ आणि २०२२ च्या जानेवारीत, तर टॅम्पा बेने २०२१ च्या जानेवारीत याच मैदानावर पॅकर्सना घरी बसवले. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा येथून आलेल्या या संघांना थंडीची सवय नव्हती, तरीही ते जिंकले.

विरुद्ध बाजूची उदाहरणेही आहेत, पण ती जवळून पाहावी लागतात. १० जानेवारी १९८२ रोजी सिनसिनाटीत उणे २३ अंशांच्या आसपास तापमान असताना यजमान बेंगल्सनी सॅन डिएगो चार्जर्सना २७-७ असे हरवले. बेंगल्सचे काही धिप्पाड लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले खेळाडू, प्रतिस्पर्ध्यांवर दडपण आणण्यासाठी उघड्या दंडांनी मैदानात उतरले होते. परंतु चार्जर्स त्याआधी आठच दिवस मायामीच्या दमट उकाड्यात जादा वेळेपर्यंत झुंजून आले होते, आणि त्या थकव्याचा विचार केल्याशिवाय त्या निकालाचे श्रेय थंडीला देणे मला योग्य वाटत नाही. टॅम्पा बेचे उदाहरण याहून बोलके आहे. चाळीस अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेचार अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात हा संघ सलग २१ सामने हरला होता आणि त्यावरून फ्लोरिडाच्या खेळाडूंना थंडी मानवत नाही असा निष्कर्ष काढला जाई. खरे तर त्यातील बरीच वर्षे तो संघच दुबळा होता. डिसेंबर २००२ मध्ये, संघ उत्तम असताना, त्यांनी शिकागो बेअर्सना हरवून ही मालिका मोडली आणि त्याच हंगामात सुपर बोलही जिंकला.

खेळ खरोखर कशाने बदलतो हे पाहायचे असेल, तर बफेलो बिल्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स यांच्यात बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्क येथे सहा आठवड्यांच्या आत झालेले दोन सामने शेजारी ठेवावेत. ६ डिसेंबर २०२१ च्या रात्री ईरी सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्याचे झोत ताशी ६० किलोमीटरपेक्षा अधिक होते. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी संपूर्ण सामन्यात फक्त ३ पास टाकू दिले, ४६ वेळा चेंडू हातात घेऊन पळण्याचे डावपेच लढवले आणि सामना १४-१० असा जिंकला. बफेलोचे संपूर्ण आक्रमण क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या दणकट हातावर उभे असल्याने घरच्या वाऱ्याने घरच्याच संघाचा घात केला. १५ जानेवारी २०२२ रोजी हेच संघ त्याच मैदानावर भिडले, तेव्हा तापमान उणे १४ अंश होते, म्हणजे थंडी आधीपेक्षा कितीतरी अधिक होती, पण वाऱ्याचा जोर नव्हता. बिल्सनी ४७ गुण केले, त्यांना एकदाही पंट मारून चेंडू सोडून द्यावा लागला नाही आणि पेट्रियट्स १७ गुणांवर राहिले. म्हणून मी सामन्याच्या दिवशी तापमानाच्या आधी वाऱ्याचा अंदाज पाहतो.

चेंडूची गोष्ट साध्या भौतिकशास्त्राची आहे. खोलीतील २१ अंशांना चौरस इंचाला १३ पौंड दाबाने फुगवलेला चेंडू उणे २० अंशांत पूर्ण थंड झाला, तर त्यातील दाब जवळजवळ ४ पौंडांनी उतरतो. हवा कमी आणि बाहेरचे कातडे कडक, अशा चेंडूला लाथ मारली की तो नेहमीसारखा उसळी घेत नाही, आणि किकरचा पायही थंडीने आखडलेला असतो. म्हणूनच थंडीत प्रशिक्षक फील्ड गोलचा भरवसा धरत नाहीत. ४ जानेवारी १९८१ रोजी क्लीव्हलंड ब्राउन्सनी, अगदी जवळ पोहोचलेले असतानाही, किकरला पाठवण्याऐवजी पास टाकला. तो ओकलंड रेडर्सनी अडवला आणि ब्राउन्स १४-१२ असे हरले. १० जानेवारी २०१६ रोजी मिनिआपोलिसमध्ये उणे २१ अंशांत ब्लेअर वॉल्शने उलट बाजूने हाच धडा दिला: २७ यार्डांचा, एरवी डोळे मिटून मारता येईल असा गोल चुकला आणि मिनेसोटा व्हायकिंग्स सिएटलकडून ९-१० असे पराभूत झाले. दोन्ही वेळा तोंडघशी पडला तो यजमान संघच.

खेळाडूंची आता बरीच काळजी घेतली जाते. त्यांच्या बाकांमधून गरम हवा सोडलेली असते, कडेला मोठे हीटर असतात, क्वार्टरबॅकच्या कमरेला हात ऊबदार ठेवण्यासाठी पिशवी बांधलेली असते. शिवाय ते धावतात. प्रेक्षकाला यातले काहीच मिळत नाही. तीन तासांहून अधिक चालणाऱ्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा-बारा मिनिटे. उरलेला सगळा वेळ स्टँडमधला माणूस थांबलेल्या खेळाकडे पाहत बसलेला असतो.

लॅम्बो फील्डच्या बहुतेक स्टँडमध्ये वेगळ्या खुर्च्या नाहीत, ॲल्युमिनियमची लांब बाकडी आहेत. डिसेंबरमध्ये मी पहिल्यांदा तेथे गेलो तेव्हा शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्यांच्याकडच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा फाडून माझ्या बुटांखाली सरकवला. अंगावर कितीही कपडे चढवले तरी काँक्रीट तळव्यांमधून ऊब शोषून घेते, आणि एकदा पाय बधिर झाले की सामन्यात लक्ष राहत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितले. आजूबाजूला पाहिले तर निम्म्या लोकांच्या पायांखाली पुठ्ठे होते, अनेकांनी हरणाच्या शिकारीला जाताना घालायचे भडक नारिंगी कपडे घातले होते, आणि मफलरवर जेथे श्वास लागत होता तेथे पांढरा बर्फाचा थर धरला होता. ती गर्दी पाहून मला त्या माणसांविषयी जो आदर वाटला, तो आजही कायम आहे.

घरच्या मैदानाचा खरा फायदा गोंगाटाचा असतो, कारण पाहुण्या क्वार्टरबॅकच्या सूचना त्याच्याच सहकाऱ्यांना ऐकू येत नाहीत. येथे थंडी यजमानांच्या विरोधात जाते. जाड हातमोजे घातलेल्या हातांनी टाळी वाजत नाही, तोंडावर मफलर असतो, आणि संघ मागे पडला की लोक ऊब शोधत आतल्या मार्गिकांकडे वळतात. अशा वेळी प्रेक्षक बाकड्यांवर पाय आपटून आवाज करतात. जिंकण्याची आशा असेपर्यंत हा आवाज जबरदस्त असतो, आणि माझ्या मते थंडीवर मात करून यजमानांना जो काही फायदा मिळतो तो या पायांमुळेच मिळतो.

निष्ठेलाही मर्यादा असते, हे जानेवारी २०१४ मध्ये दिसले. ज्या पॅकर्सच्या हंगामी तिकिटांची प्रतीक्षायादी लाखाच्या वर आहे, त्यांच्या बाद फेरीच्या सामन्याची तिकिटे मुदतीत खपेनात, कारण कडाक्याच्या थंडीचा अंदाज जाहीर झाला होता. मैदान भरले नाही तर स्थानिक दूरचित्रवाणीवर सामना दाखवायचा नाही असा तेव्हा नियम होता. शेवटी मुदत वाढवून आणि प्रायोजकांनी उरलेली तिकिटे घेऊन वेळ निभावली. याउलट जानेवारी २०२४ मध्ये बफेलोत हिमवादळामुळे पिट्सबर्गविरुद्धचा सामना एक दिवस पुढे ढकलावा लागला, तेव्हा तासाला २० डॉलर मजुरीवर बर्फ उपसण्यासाठी चाहते फावडी घेऊन आले, आणि सामन्याच्या वेळी अनेकांनी आपापली जागा स्वतः बर्फातून मोकळी करून घेतली.

त्याच आठवड्यातील कॅन्सस सिटीच्या सामन्याविषयी मात्र मला मनापासून चीड आहे. १३ जानेवारी २०२४ रोजी चीफ्सनी मायामी डॉल्फिन्सना २६-७ असे हरवले. तापमान उणे २० अंश होते आणि वाऱ्यामुळे ते उणे ३३ इतके जाणवत होते. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सच्या हेल्मेटचा तुकडा उडाला आणि प्रशिक्षक अँडी रीड यांच्या मिशांवर बर्फ जमला, याची छायाचित्रे सगळीकडे कौतुकाने फिरली. पुढे मार्चमध्ये तेथील एका रुग्णालयाने सांगितले की, हिमदंश झालेल्या ज्या रुग्णांची बोटे कापावी लागली त्यांच्यात त्या सामन्याला गेलेले काही प्रेक्षकही होते. हा सामना स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी सात वाजता, सूर्य मावळून दोन तास झाल्यावर सुरू झाला होता, कारण सामन्यांच्या वेळा प्रक्षेपणाच्या सोयीने ठरतात. अशा अंदाजाच्या दिवशी उत्तरेकडील उघड्या मैदानांवरचे सामने दुपारी बारा-एक वाजता सुरू केले पाहिजेत. आइस बोलसुद्धा दुपारी एक वाजता सुरू झाला होता, आणि साठ वर्षांपूर्वी जे जमले ते आज जमू नये याला पैशाखेरीज दुसरे कारण मला दिसत नाही.

यावर छत हा उपाय म्हणून सुचवला जातो. मिनेसोटाने २०१६ मध्ये छताचे मैदान बांधले, क्लीव्हलंडही त्याच मार्गाने निघाले आहे. बफेलोने मात्र नवे मैदान उघडेच ठेवायचे ठरवले, पण बहुतेक प्रेक्षकांच्या डोक्यावर आडोसा येईल आणि जमिनीखालून मैदान गरम राहील अशी त्याची रचना केली. मला हाच मार्ग पटतो: खेळ उघड्यावर व्हावा, पण तिकीट काढून येणाऱ्या माणसाची बोटे शाबूत राहावीत.

तुम्ही स्वतः किंवा येथे शिकायला आलेले तुमचे कोणी नातेवाईक अशा सामन्याला जाणार असतील, तर दारूने ऊब येते या समजुतीवर विसंबू नका. तिने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे गरम वाटते खरे, पण शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते. दोन जोड मोजे घालून बूट घट्ट होणार असतील तर एकच लोकरी जोड घाला, कारण रक्त खेळते राहिले नाही तर जाड मोज्यांचाही उपयोग होत नाही. बोटे दुखायची थांबून बधिर व्हायला लागली, तर गुणफलक न पाहता ताबडतोब आत जा. आणि दुपारचा सामना असेल तर पूर्वेकडील स्टँडचे तिकीट काढा, तेथे ऊन सर्वांत उशिरापर्यंत टिकते.