नाक खाली गेलं, कॅस्टर पळाला

प्रश्न : 1951 च्या शेव्हरोले 3100 पिकअपचा मूळ बीम अ‍ॅक्सल (दोन्ही पुढची चाकं जोडणारा अखंड दांडा) आणि पाटे काढून मस्टँग-2 पद्धतीचं (फोर्ड मस्टँग-2 सारखं, प्रत्येक चाकाला वेगळे आर्म आणि स्प्रिंग असलेलं) फ्रंट सस्पेन्शन व पॉवर रॅक (पॉवर स्टेअरिंगचा, चाकं वळवणारा दांडा) बसवला. क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारा आडवा तुकडा) वेल्ड करताना चेसिस सपाट होती. पुढून बुटकी दिसावी म्हणून नंतर स्प्रिंगचं एकेक वेटोळं कापलं. आता ताशी 60 मैलांच्या वर गाडी भरकटते, वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, खड्ड्यात हिसका बसतो. कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) डावीकडे 1.5, उजवीकडे 1 अंश, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) 0. टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर) बदलून फरक पडला नाही.
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : टो सगळ्यात शेवटी. दोष उंचीत आहे.

तुमची चेसिस पुढे 4 इंच खाली असेल, तर 116 इंच व्हीलबेसवर ती 2 अंश झुकली. कॅस्टर जमिनीच्या हिशेबाने मोजतात, म्हणजे ते 2 अंश थेट वजा. पॉवर रॅकला 4 च्या आसपास हवा.

हिसका कापलेल्या स्प्रिंगचा. खालचा आर्म आडवा धरूनच रॅकची जागा ठरवलेली असते. आर्म बाहेरून वर चढला की टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि आर्म जुळत नाहीत, चाक स्वतःच वळतं. अख्खी स्प्रिंग परत घाला. बुटकेपणासाठी 2 इंची ड्रॉप स्पिंडल (चाकाची धुरी वर घेतलेला, आर्म न हलवता गाडी खाली आणणारा भाग) लावा.

मग इंजिन, रेडिएटर, बंपर, पेट्रोल आणि सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवून, हवा नीट भरून, गाडी दाबून-सोडून बसवा. टॉवरवरचे (क्रॉसमेंबरच्या उभ्या खांबावरचे) वरच्या आर्मचे दोन बोल्ट ढिले करा : पुढचा बाहेर, मागचा आत सरकवला की बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा, चाकाकडचा गोल सांधा) मागे जातो, कॅस्टर वाढतो. दोन्ही सारखे आत घेतले की कॅम्बर उणा, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत. उणे अर्धा अंश पुरे. दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको, कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी ओढते. बोल्ट सरकण्याची खाच संपली तर ती कापून लांबवू नका, वरच्या आर्मचा ऑफसेट (एका बाजूला सरकवलेला) शाफ्ट घ्या. शेवटी टो-इन (चाकांची पुढची टोकं आत) 1.5 ते 3 मिमी.

तरी हिसका राहिला तर स्प्रिंग काढून जॅकने आर्म 50 मिमी वर-खाली करा आणि टो मोजा. वर-खाली जाताना टो उलटसुलट बदलला, तर रॅकची उंची चुकली. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला, तर रॅकची लांबी.