जुन्या मोझॅक फरशीतली भोकं आणि टवके, पूर्ण फरशी न बदलता दुरुस्त होतात का?

तुमच्याकडे हॉलमधलं प्लायवूडचं पार्टिशन काढल्यावर खाली ड्रिलची दहा-बारा भोकं निघालीत, दाराजवळ वरवंटा पडून वाटीएवढा खड्डा झालाय, आणि मिस्त्री म्हणतोय की सगळं उखडून व्हिट्रिफाइड टाकू. मलाही अगदी हेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि आमची 1978 सालची फरशी अजून जागेवर आहे. तेव्हा उत्तर, होतात.

फक्त मी पहिल्यांदा जे केलं ते करू नका. मी हार्डवेअरच्या दुकानातून किलोभर व्हाइट सिमेंट आणलं, पाण्यात कालवलं आणि भोकांत दाबून भरलं. दुसऱ्या दिवशी हॉलभर पांढऱ्या टिकल्यांची रांग. महिन्याभरात त्यातल्या निम्म्या कडेने सुटून झाडूबरोबर बाहेर आल्या. आई म्हणाली, "भोकंच बरी होती रे, निदान नजरेत तरी येत नव्हती."

नुसतं सिमेंट वाळताना आकसतं, म्हणून ते सुटतं. मोझॅकमध्ये मुळात दगडच जास्त असतो, सिमेंट त्याला धरून ठेवण्यापुरतं. जुनं प्रमाण असं आहे: वजनाने तीन भाग सिमेंटला एक भाग मार्बल पावडर, आणि या मिश्रणाची चार मापं घेतली तर मार्बलच्या चिप्सची सात मापं. भोकं भरायलाही हेच वापरायचं, फक्त चिप्स बारीक घ्यायच्या.

खरी डोकेदुखी चिप्स जुळवण्याची. पांढरी मकराण्याची, काळी भैंसलाण्याची, पिवळी जैसलमेरची, हिरवी बडोद्याची, अशी मिसळ पूर्वी टाइलमध्ये असायची. दुकानात मिळणारी खडी नवी, कोरी दिसते. त्यापेक्षा घरातच शोधा. ओट्याखाली, माळ्यावर, बाल्कनीत एखादी जादा टाइल हमखास पडलेली असते. आमच्याकडे ती तुळशीच्या कुंडीखाली सापडली. टाइलचा वरचा थर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा असतो, खाली साधं सिमेंट-वाळूचं काँक्रीट. वरचा थर हातोडीने फोडून त्यातले दगड वेचायचे. कंटाळवाणं काम आहे, पण दगड त्याच खाणीचा, त्याच वयाचा मिळतो. (आणि तशी अख्खी टाइल मिळाली, तर खड्ड्यासाठी थेट तीच बसवून टाका, पुढचं निम्मं काम वाचेल.)

रंगाचं सांगतो. तुमची फरशी पांढरी वाटत असली तरी ती पांढरी नाही. चाळीस वर्षांत ती सायीच्या रंगाची झालेली असते. व्हाइट सिमेंटमध्ये चिमूटभर पिवळं ऑक्साइड (सिमेंटमध्ये घालायची रंगाची पूड) आणि टूथपिकच्या टोकावर येईल एवढं काळं घालून बघा. कोरडंच मिसळायचं, पाणी नंतर. मी पाण्याच्या बाटल्यांच्या सहा झाकणांत सहा नमुने केले, पाठीमागे आकडे टाकले, आठवडाभर वाळू दिले. ओलं असताना रंग गडद दिसतो, वाळला की उडतो, तेव्हा घाईने ठरवू नका. वाळलेला नमुना वॉटर पेपरने घासा, ओला करा, फरशीही ओली करा आणि शेजारी ठेवून बघा. पॉलिश झालेला दगड साधारण तसाच दिसतो. माझं चौथं झाकण जुळलं.

भोकांत प्लॅस्टिकची गिट्टी अडकलेली असेल तर तिच्यात स्क्रू थोडा फिरवून पकडीने ओढा. धूळ ब्रशने पूर्ण काढा, भोक ओलं करा, पण आत पाणी साचलेलं नको. थोडं पातळ सिमेंट आत फिरवायचं, मग मिश्रण काडीने ठासायचं, वर मोठे दोन-तीन खडे बोटाने बसवायचे, सपाट बाजू वर. फरशीच्या पातळीपेक्षा मिलिमीटरभर उंच ठेवा, घासायला तेवढं लागतं.

वाटीएवढ्या खड्ड्याच्या कडा छिन्नीने सरळ उभ्या करून घ्या, निमुळत्या कडेवरचा पातळ थर टिकत नाही. खोल असेल तर खाली साधा माल भरून वरचे दहा-बारा मिलिमीटर मोझॅकसाठी सोडा. आधी एक रुपयाचं नाणं टाइलवर वाजवून बघा. ढब ढब आवाज आला तर टाइल खालून पोकळ आहे. मग वर काहीही भरलं तरी तडकणारच, ती टाइल उचलून परत बसवावी लागेल.

त्यावर ओलं गोणपाट, सात दिवस. इथेच लोकांचा धीर सुटतो.

दहा-बारा भोकं असतील तर हाताने होतं: पॉलिशचा दगड किंवा 120, 220, 400 चा वॉटर पेपर, कायम पाणी मारत. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. पहिल्या घासण्यानंतर बारीक छिद्रं उघडी पडतात, त्यांत त्याच रंगाचं सिमेंट पातळ करून चोळा, दोन-तीन दिवसांनी परत घासा. भाड्याचं घर असेल आणि एका दिवसात उरकायचं असेल तर अराल्डाइटमध्ये (दोन ट्यूब मिसळून वापरायचा इपॉक्सी गोंद) मार्बल पावडर आणि खडे कालवून भरा. घट्ट बसतं, पण खिडकीजवळ उन्हाने पिवळं पडतं.

जमलं तर शेवटी पूर्ण हॉलला पॉलिशचं मशीन मारून घ्या, ठिगळं त्यातच विरतात. ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर चोळून चकाकी येते. संडास धुण्याचं ॲसिड मात्र चुकूनही नको, मार्बल आणि सिमेंट दोन्ही खातं. मशीनवाल्याला आधीच बजावा की घासल्यावर निघणारा पांढरा चिखल बादलीत भरून खाली न्यायचा. आमच्याकडे त्याने तो मोरीत ओतला, आणि फरशीपेक्षा पाइप मोकळा करायला जास्त पैसे गेले.