ग्रायंडरचा गार्ड काढला तर काय बिघडतं?

प्रश्न : घरच्या कामापुरता ४ इंची ग्रायंडर घेतलाय, लोखंडी अँगल, पाइप वगैरे कापतो. कोपऱ्यात गार्ड (फिरणाऱ्या चकतीवरचं पत्र्याचं झाकण) आडवा येतो म्हणून काढून ठेवलाय. आता त्यावरच दातांचं ब्लेड लावून लाकूड कापावं म्हणतोय. मशीन घट्ट धरलं तर काही होत नाही असं ओळखीचे सगळे सांगतात, खरंय का?

उत्तर : नाही हो, खरं नाही, आणि आधी तो गार्ड परत बसवा, बाकीचं मग वाचा. तुमचा ग्रायंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे मारतो, म्हणजे १०० मिमी चकतीची कड तासाला २०० किलोमीटरच्या वर पळत असते आणि चकती फुटली की तुकडा त्याच वेगाने सुटतो, तेव्हा तुम्ही मशीन किती घट्ट धरलंय याचा काही संबंधच राहत नाही. माझ्या हातात एकदा फुटली होती, कट चालू असताना मशीन जरासं तिरकं झालं एवढंच. तुकडा गार्डवर आदळला, गार्डला पोचा पडला. तो गार्ड अजून जपून ठेवलाय मी.

गार्ड आडवा येत असेल तर तो फिरवून घ्या, त्यासाठीच फिरतो तो. तरी हात पोचत नसेल तर तिथे हॅक्सॉने कापा, वेळ लागेल पण लागू दे. पातळ कटिंग चकतीने बाजूने घासायचं नाही, त्याला जाड ग्रायंडिंग व्हील वेगळं मिळतं. चकतीवर छापलेला आरपीएम (मिनिटाचे फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा. गार्ड नाहीच आहे तर ७ इंची चकती पण बसेल असं बरेच जण करतात, पण ती साधारण ८,५०० आरपीएमची असते, ११,००० वर फिरवली तर कधी फुटेल सांगता येत नाही. मधल्या धातूच्या रिंगवर महिना-वर्ष असतं, ती मुदत संपलेली, पडलेली किंवा ओली झालेली चकती सरळ टाकून द्या. नवीन लावली की बाजूला उभं राहून मिनिटभर रिकामी फिरवायची. चकती बदलताना प्लग काढलेला पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

दातांचं ब्लेड मात्र अजिबात नको. दात लाकडात अडकला की मशीन उसळून अंगावर येतं आणि बटण सोडलं तरी ब्लेड फिरतच राहतं. लाकडाला जिगसॉ नाहीतर सर्क्युलर सॉ वापरा.

प्रश्न : ड्रिलच्या मागच्या जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात, जळका वासही येतो. मशीन गेलं का?

उत्तर : बहुतेक कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) झिजलेत. बारीक निळसर ठिणग्या चालतात, पण मोठ्या नारिंगी दिसायला लागल्या की मशीन थांबवायचं. प्लग काढून कार्बन बघा, ५-६ मिमीच उरले असतील तर दोन्ही एकदम बदला (एकच बदलून काम भागवू नका) आणि काही मिनिटं लोड न देता चालवा म्हणजे नीट बसतात. झिजलेले कार्बन तसेच चालवले की कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो मोटरचा तांब्याचा भाग) खराब होतो आणि मग खर्च वाढतो. जाळीतली धूळ पण फुंकून काढा, गॉगल लावून. एवढं करूनही वास येत राहिला तर आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळत असेल, मग घरी खोलत बसू नका, रिपेअरवाल्याकडे द्या.

प्रश्न : मशीनला दोनच पिनांचा प्लग आहे, अर्थिंग नाही. शॉक बसेल का?

उत्तर : मशीनच्या लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेटेड (विजेपासून दुहेरी आवरण असलेलं) आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. पण वायर सोललेली असेल किंवा बॉडीला तडा गेला असेल तर त्या खुणेवर विसंबू नका. आणि एक्स्टेन्शनची वायर गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली ठेवली की आतल्या आत तापते आणि वरचं प्लास्टिक वितळतं.