वाचकांचे प्रश्न : फ्लाटो नेमके कोणत्या प्रांतात?

प्रश्न : माझ्या संग्रहातल्या एका जुन्या पोस्टकार्डावर ‘फ्लाटो, पश्चिम प्रशिया’ असे छापले आहे. एका जर्मन नकाशात हेच शहर पोमेरेनियात आहे आणि आजच्या नकाशात ते पोलंडमधले ‘झ्वॉतूफ’ आहे. यातले बरोबर कोणते?

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत. या भागात आधी कागदावरचे साल पाहायचे, प्रांत त्यावरून ठरतो.

१७७२पर्यंत हे शहर पोलंडच्या राज्यात, नाक्वो पोव्यातात, म्हणजे जिल्ह्यात होते. वरचा प्रांत आधी कालिश आणि १७६८पासून ग्न्येझ्नो. पोलंडच्या पहिल्या फाळणीत ते प्रशियाकडे गेले. १ एप्रिल १८१८ रोजी ‘क्राइस फ्लाटो’ हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पश्चिम प्रशिया प्रांतातल्या मारियेनवेर्डर विभागाखाली आला. क्षेत्रफळ सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यापेक्षा एखाद्या मोठ्या तालुक्याच्या जवळ जाणारे. शहरे पाच : फ्लाटो, क्रोयांके, कामिन, फांड्सबुर्ग आणि त्सेम्पेलबुर्ग.

१८२९ ते १८७८ या काळात पूर्व आणि पश्चिम प्रशिया मिळून ‘प्रशिया’ नावाचा एकच प्रांत होता. त्या वर्षांच्या सरकारी कागदांवर ‘पश्चिम प्रशिया’ दिसले नाही, तर गाव दुसरे असावे असे समजू नका.

१० जानेवारी १९२० रोजी व्हर्सायचा तह अमलात आला आणि जिल्हा दुभंगला. कामिन, फांड्सबुर्ग आणि त्सेम्पेलबुर्ग पोलंडला गेली. तिथे सेंपूल्नो हा नवा जिल्हा झाला. फ्लाटो आणि क्रोयांके जर्मनीत राहिली. जर्मनीकडे उरलेले असे तुकडे जोडून १ जुलै १९२२ रोजी ‘ग्रेन्झमार्क पोझेन-वेस्टप्रॉयसेन’ (सीमाप्रांत पोझेन-पश्चिम प्रशिया) हा प्रांत झाला, राजधानी श्नायडेम्यूल. एकमेकांना न लागणारे तीन तुकडे म्हणजे एक प्रांत! कारभारापेक्षा गेलेल्या प्रांतांची नावे टिकवण्याचा हेतू त्यात अधिक होता, असे आमचे मत. १ ऑक्टोबर १९३८ रोजी तो मोडला आणि फ्लाटो पोमेरेनियात गेले. तुमचा जर्मन नकाशा बहुधा १९३८ ते १९४५ या काळातला असावा.

१९४५पासून झ्वॉतूफ पोलंडमध्ये आहे : १९५०पासून कोशालिन प्रांतात, १९७५पासून पीवा प्रांतात. १९७५ला पोलंडने जिल्ह्यांचा स्तरच काढून टाकला होता. १९९९ला तो परत आला, तेव्हापासून झ्वॉतूफ जिल्हा व्येल्कोपोल्स्का प्रांतात आहे आणि सेंपूल्नो शेजारच्या कुयावी-पोमेरेनियात. १९२०ची चीर अशी अजून शिल्लक आहे.

प्रश्न : १९२०च्या मारियेनवेर्डर सार्वमतात या जिल्ह्याने कोणाला कौल दिला?

उत्तर : कोणालाच नाही, कारण इथे मतदान झालेच नाही. जर्मनी की पोलंड हे विचारणारे ११ जुलै १९२०चे सार्वमत विस्तुला नदीच्या पूर्वेकडच्या भागापुरते होते. फ्लाटो त्याच विभागात, पण नदीच्या पश्चिमेला. त्याची सीमा तहानेच आखली. विभागाच्या नावामुळे हा घोळ नेहमी होतो.

प्रश्न : जुन्या गावयादीत एकच गाव दोनदा येते आणि लोकसंख्याही वेगवेगळी. छपाईची चूक का?

उत्तर : नाही. एक नोंद गावाची, दुसरी त्याच नावाच्या जमीनदारी इस्टेटीची. इस्टेट हे स्वतंत्र प्रशासकीय क्षेत्र असे आणि तिथले मजूर गावात मोजले जात नसत. १९२८मध्ये बहुतेक इस्टेटी गावांत विलीन झाल्या. १९१०चा आकडा १९३३शी ताडायचा असेल, तर १९१०च्या दोन्ही नोंदींची बेरीज करा. नाहीतर गाव एकाएकी फुगलेले दिसेल.

पोलिश-जर्मन प्रमाण काढतानाही जपून. १९१०च्या जनगणनेत मातृभाषा विचारली होती आणि ‘दोन्ही भाषा’ सांगणाऱ्यांचा रकाना वेगळा होता. तो कोणत्या बाजूला टाकता, यावर टक्का हलतो. भाषेऐवजी धर्म धरून कॅथलिक म्हणजे पोलिश असे गणित मांडणारेही भेटतात. इथे ते चुकते, कारण जर्मन कॅथलिकही बरेच होते.

प्रश्न : सीमेनंतर जर्मन बाजूला राहिलेल्या पोलिश लोकांचे काय?

उत्तर : १९२२ला स्थापन झालेल्या ‘जर्मनीतील पोलिश संघ’ या संस्थेचा पाचवा विभाग इथलाच. झाक्झेवो गावचे धर्मगुरू बोलेस्वाव दोमान्स्की १९३१ ते १९३९ संघाचे अध्यक्ष होते. १९२८अखेरच्या प्रशियन आदेशामुळे खासगी पोलिश शाळा काढता आल्या.

प्रश्न : १८९०च्या सुमाराची जन्मनोंद कुठे शोधावी?

उत्तर : आधी गाव १९२०च्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडले ते पाहा. मग ते कोणत्या ‘श्टांडेसआम्ट’खाली, म्हणजे नागरी नोंदणी कार्यालयाखाली होते ते शोधा. एका कार्यालयाकडे अनेक गावे असत, त्यामुळे गावाच्या नावाने शोधून नोंदवही सापडेलच असे नाही. ही नोंदणी १ ऑक्टोबर १८७४पासूनची आणि जर्मनमध्ये. त्याआधीचे सगळे चर्चच्या वह्यांत, कॅथलिक आणि इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) वेगवेगळ्या.

पोलंडच्या नियमानुसार जन्मनोंदी १०० वर्षे, विवाह आणि मृत्यूच्या ८० वर्षे नोंदणी कार्यालयात राहतात, नंतर राज्य अभिलेखागारात जातात. म्हणून १८९०साठी अभिलेखागाराकडेच अर्ज करा. न सापडल्यास बर्लिनच्या राज्य अभिलेखागारात (लांडेसआर्किव्ह) विचारून पाहा, जर्मनीच्या जुन्या पूर्व भागातल्या बचावलेल्या काही वह्या ‘श्टांडेसआम्ट एक’कडून तिथे गेल्या आहेत. अर्जात गावाची जर्मन आणि पोलिश अशी दोन्ही नावे आणि जिल्हा लिहा : फ्लाटो नावाचे एक गाव बर्लिनजवळ ब्रांडेनबुर्गमध्येही आहे.