‘ट्र्युमर’ म्हणजे भग्नावशेष नव्हेत

पदव्युत्तर वर्गात जर्मन साहित्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन लेखनाला ‘ट्र्युमरलिटराटुर’ हे जे नाव आहे, त्यासाठी तिने ‘भग्नावशेषांचे साहित्य’ असे लिहिले असता मार्गदर्शकांनी ते खोडून ‘उद्ध्वस्त साहित्य’ केले. तर यांतले योग्य कोणते, आणि १९४५च्या शरणागतीच्या क्षणाला जर्मन ज्या नावाने ओळखतात त्या ‘श्टुंडे नुल’ला (शब्दशः ‘शून्य तास’) ‘शून्य प्रहर’ म्हणावे काय?

‘उद्ध्वस्त साहित्य’ हा प्रयोग आता व्याख्यानांतूनही सर्रास कानावर पडू लागला आहे आणि दर वेळी तो तितकाच खटकतो. उद्ध्वस्त झाली होती ती कोलोन, हँबुर्ग, ड्रेस्डेन ही शहरे, साहित्य नव्हे. विशेषण कोणाला चिकटते आहे एवढेही न पाहता संज्ञा घडवायच्या असतील, तर उद्या ‘दलित साहित्या’चाही कोणी भलताच अर्थ लावील.

‘भग्नावशेष’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण त्याचे वळण चुकले आहे. हा शब्द उच्चारला की हंपी आठवते, शेवाळलेले खांब आणि त्यांच्यापुढे उभा राहून उसासे टाकणारा प्रवासी आठवतो. या भावनेसाठी जर्मन भाषेत लॅटिनमधून आलेला ‘रुइने’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि स्वच्छंदतावादी चित्रकारांनी त्याचे यथेच्छ लाड केले आहेत. १९४५ नंतरच्या लेखकांना ‘रुइने’ हाताशी असूनही त्यांची ओळख ‘ट्र्युमर’ (रूढ अर्थाने ढिगारा) या शब्दाने झाली, हे विसरून कसे चालेल?

‘ट्र्युमर’ हे अनेकवचन आहे. त्याचे एकवचन ‘ट्रुम’ प्रमाण भाषेतून जवळजवळ गेले असले, तरी बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात मोठ्या थोरल्या तुकड्याला लोक आजही ‘ट्रुम’ म्हणतात. मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘द्रुम’ म्हणजे टोकाचा तुकडा, शेवटचा भाग. आणि खरी गंमत पुढे आहे: याच घराण्यातला इंग्रजी शब्द ‘थ्रम’ हा विणकरांचा आहे. कापड कापून घेतल्यावर मागावर ताण्याच्या धाग्यांची जी न विणलेली टोके उरतात, ती म्हणजे ‘थ्रम’. ज्याला आपण ढिगारा समजतो, त्या शब्दाच्या मुळाशी ढीग नाहीच. तिथे आहे ते तुटून मागे राहिलेले टोक.

मराठीत त्या टोकाला ‘दशी’ म्हणतात. बीजेच्या चंद्राला वस्त्राची दशी वाहून ‘जुने घे, नवे दे’ म्हणणारी माणसे अजून आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. ही दशी संस्कृत ‘दशा’ची लेक, आणि ‘दशा’ म्हणजे वस्त्राचे सुटे धागे, दिव्याची वात आणि माणसाची अवस्थासुद्धा. हे तिन्ही अर्थ संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर विल्यम्सने एकाच शब्दाखाली दिले आहेत. तरीही ‘वस्त्राची दशा वेगळी आणि ग्रहांची दशा वेगळी, हा निव्वळ योगायोग’ असे ठणकावणारे पंडित भेटतात, तेव्हा त्यांनी फाटके धोतर कधी नीट न्याहाळले आहे की नाही, अशी शंका येते. माझ्या मते ‘ट्र्युमर’ला अर्थाने सर्वांत जवळचा भारतीय शब्द ‘दशा’ हाच आहे, कारण तुटलेले टोक आणि त्या टोकाला आलेल्या माणसाची गत, ही दोन्ही त्यात एकत्र नांदतात.

ही केवळ शब्दांची कसरत नव्हे. जर्मन कथाकार हाइनरिश ब्योलची १९५० सालची एक कथा पाहावी. जबर जखमी झालेल्या एका कोवळ्या सैनिकाला शाळेत थाटलेल्या इस्पितळात आणतात. तीन महिन्यांपूर्वी आपण सोडली तीच ही शाळा, हे त्याला पटता पटत नाही. अखेर चित्रकलेच्या वर्गातल्या फळ्यावर त्याला स्वतःचे अक्षर दिसते: प्राचीन ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या लढाईत पडलेल्या स्पार्टन वीरांचा तो प्रसिद्ध मृत्युलेख, सात वेगवेगळ्या वळणांत गिरवलेला आणि प्रत्येक वेळी जागा न पुरल्यामुळे ‘स्पार्टा’च्या ‘स्पा’वर तुटलेला. तोच अर्धा शब्द कथेच्या शीर्षकात आहे. याला ‘भग्नावशेष’ म्हणायचे? ही दशी आहे. याच ब्योलने १९५२च्या निबंधात ‘ट्र्युमरलिटराटुर’ हे हिणवण्यासाठी वापरलेले नाव उजळ माथ्याने स्वीकारले आणि होमरचा दाखला देऊन विचारले की, युद्ध, नगराचा विध्वंस आणि घरी परतणारा माणूस हेच त्याचेही विषय होते, मग आम्ही लाजायचे कशाला?

काही अभ्यासक ‘ट्र्युमर’ आणि ‘कालश्लाग’ या संज्ञा समानार्थी मानतात, तेही मला मान्य नाही. ‘कालश्लाग’ म्हणजे जंगलाचा पट्टा एकही झाड न ठेवता तोडणे. वोल्फगांग वायराउख या लेखकाने १९४९ साली एका कथासंग्रहाच्या उपसंहारात तो शब्द साहित्याला लावला आणि उदाहरण म्हणून दिली ग्युंटर आइशची युद्धकैद्याची कविता, ‘इन्व्हेंटूर’. उदाहरणच उलटले. त्या कवितेतला कैदी उरलेल्या वस्तू मोजतो आहे: टोपी, कोट, कापडी पिशवीतले दाढीचे सामान आणि डब्यावर नाव कोरण्याचा एक खिळा, जो तो इतरांच्या हावऱ्या नजरांपासून लपवून ठेवतो. सगळे तोडून टाकणाऱ्याला खिळा जपायचे कारण नसते.

राहिला ‘शून्य प्रहर’. तो संसदेला लखलाभ असो. लोकसभेत प्रश्नोत्तरांनंतर खासदार उठतात ती ही वेळ, आणि ८ मे १९४५ची शरणागती त्या नावाखाली वाचताना वाचक गोंधळणारच. शिवाय प्रहर तीन तासांचा. ‘शून्य घटका’ म्हणावे, कारण घटका भरतेही आणि अखेरचीही असते.

विद्यापीठीय लेखनात ‘दशासाहित्य’ असे एकदम लिहिल्यास परीक्षक ज्योतिषाकडे वळतील, हे मला कळते. तेव्हा मूळ जर्मन संज्ञा देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘पडझडीचे साहित्य’ असा अर्थ द्यावा, आणि दशीचे हे सारे तळटीपेत घालावे.